वांग्यांच्या टोपलीत मोबाईल

चर्चमध्ये मोबाईल गोळा करायला कापणीच्या सणाची टोपली वापरायची, ही कल्पना माझी होती. पंचांची नव्हती आणि माझ्या बायकोची तर मुळीच नव्हती. हे आधीच सांगून टाकतो, कारण तिने हे वाचलं तर पहिला प्रश्न तोच येईल.

मी कोल्हापुरातल्या एका लहानशा मंडळीचा पाळक. माणूस हिशेबी. गीतपुस्तकातल्या गीतांचे क्रमांक मला पाठ आहेत. प्रवचन बावीस मिनिटांचं. तेविसावं मिनिट लागू देत नाही. (मंडळीचं मत वेगळं आहे. पण घड्याळ माझ्या हातात असतं, मंडळीच्या नाही.)

मोबाईल नुकते सगळ्यांच्या खिशात आले होते, तेव्हाची ही गोष्ट. एका रविवारी प्रभुभोजनाच्या वेळी मी भाकर मोडतोय, सगळे माना खाली घालून बसलेत आणि मागच्या बाकावरून ढोलकीच्या ठेक्यासकट एक फक्कड लावणी सुरू झाली! फोन होता जॉनआप्पांचा. आप्पा कसबा बावड्यात राहतात, मळ्यावर म्हशी पाळतात आणि मनात येईल ते मनात ठेवत नाहीत.

"आप्पा, बंद करा तो!" मी खुणेनं म्हटलं.

"कुठलं बटन दाबायचं ते कळंना झालंय की!" आप्पा खुणेनं नाही, तोंडानं म्हणाले.

पुढच्या रविवारी मी दारात टोपली ठेवली. दरवर्षी कापणीच्या सणाला लोक तिच्यातून वांगी, कणसं, भोपळे आणून वेदीपुढे ठेवतात. आता तिच्यात मोबाईल. त्या दिवशीच्या प्रवचनाचा विषयही तयार होता, 'यंत्रांचे गुलाम होऊ नका'. उदाहरण घालून द्यावं म्हणून पहिला फोन मी माझाच ठेवला.

"नावाच्या पट्ट्या तरी लावा," बायको म्हणाली.

"लोकांना स्वतःचा फोन ओळखता येत नाही का?" मी म्हटलं.

येत नव्हता. मंडळीतल्याच एकाचं राजारामपुरीत दुकान होतं आणि निम्म्या लोकांनी त्याच्याकडूनच फोन घेतलेले. सगळे एका जातीचे. करडे, जाडजूड, डोक्यावर टॉर्च. हे मला माहीत होतं, कारण माझाही तिथलाच होता. तरीही सुचलं नाही!

आप्पांनी तर दारातच हुज्जत घातली. "माझी म्हस आज-उद्याकडं व्यायला आलीया. फोन आला म्हंजे?"

"आप्पा, देव बघेल."

"देव बघंल हो, पर डॉक्टरला फोन कोन लावनार?"

 मी टोपली पुढे केली.

आता खरी धास्ती सांगतो. त्याच दिवशी मलाही एक फोन यायचा होता. आमच्या शलोमीचं लग्न जुळत आलं होतं. शलोमी नर्स आहे, बोलायला फटकळ आहे आणि मिरजेचा तो मुलगा तिला मनापासून आवडला होता. त्यालाही ती. अडलं होतं त्याच्या वडिलांवर. ते निवृत्त मुख्याध्यापक, सगळे त्यांना सर म्हणत. सरांनी सांगितलं होतं, "रविवारी उपासनेनंतर फोन करून काय ते कळवतो." 'काय ते' या दोन शब्दांवर मी आणि बायको आठवडाभर नीट जेवलो नव्हतो. एक स्थळ आधीच मोडलं होतं. घरचा जुना तारेचा फोन मी परत करून टाकलेला. (आधुनिक जगाबरोबर चालायला हवं, असं एक प्रवचनही होतं.) म्हणजे सरांचा फोन येणार तो त्या एकाच मोबाईलवर.

प्रवचन ऐन मध्यावर आलं आणि टोपली गुणगुणायला लागली. एकाच जातीचे फोन, लावणी काढून टाकल्यावर आप्पांचीही तीच रिंग! निम्मी मंडळी अर्धवट उठून उभी राहिली. मी हातानं बसा म्हटलं. रिंग थांबली. पुन्हा सुरू झाली. सरांनी उपासनेनंतर म्हटलं होतं, पण मिरजेची उपासना लवकर संपत असेल तर? माझं मन टोपलीत आणि तोंड गुलामगिरीवर. शेवटचा मुद्दा मी दोनदा सांगितला, असं बायको म्हणते.

आशीर्वाद संपतो न संपतो तोच आप्पा दाराकडे धावले. म्हशीचाच फोन असणार म्हणून त्यांनी टोपली सरळ टेबलावर पालथी केली. तळाचे फोन वर आले, वरचे तळाला गेले. आप्पांनी सगळ्यात वरचा उचलला आणि तो परत वाजेना म्हणून निवांत घरी गेले. मी दारात उभा राहून सगळ्यांशी हात मिळवेपर्यंत टेबलावर एकच फोन उरला होता. मी तो घेऊन घरी आलो. शलोमी ड्यूटीवर होती. आम्ही दोघं फोन मधे ठेवून समोरासमोर बसलो. ताटं वाढलेली, हात कोणी लावला नाही.

फोन वाजला. मी उभा राहिलो आणि उचलला. "सलाम सर!"

"आप्पा, बिगीनं मळ्याकडं या! म्हस अडलीया!"

"अहो, मी आप्पा नाही. मी पाळक बोलतोय."

"म्हशीचा पाळक मी हाय! तुमी कोन?"

म्हणजे हा फोन आप्पांचा होता!  बायकोनं चर्चच्या दारात टोपली ठेवली होती त्या दिशेला पाहिलं.

"आवो पावणं, कोन बी असा, डॉक्टरला तरी फोन लावा! रेडकू जाईल माझं!" पलीकडचा, आप्पांच्या मळ्यावरचा गडी रडकुंडीला आला होता. आप्पांच्या फोनमध्ये नावं इंग्रजी अक्षरांत होती. शोधता शोधता 'म्हैस डॉक्टर' सापडला. मी त्यांना मळ्यावर पाठवलं, परत गड्याला फोन लावून धीर दिला आणि घाबरत घाबरत म्हशीसाठी एक छोटी प्रार्थनाही केली. (ती खरोखर छोटी होती.)

"म्हशीचं झालं," बायको म्हणाली. "आता शलोमीचं बघा. आपला फोन आप्पांकडे असणार. आपल्याच नंबरवर लावा."

मी बोट बटणावर ठेवलं आणि थांबलो. साडेचारशे गीतांचे क्रमांक पाठ असलेल्या माणसाला स्वतःचा नंबर पाठ नव्हता! माणूस स्वतःला फोन कधी लावतो?

"आप्पांच्या यादीत बघा की," ती म्हणाली.

बघितलं. 'पाळक' नाही. माझं नाव नाही. 'जावई', 'दूध संघ', 'मोटार दुरुस्ती', 'लांबण'...

"हा लांबण कोण?" मी विचारलं.

बायकोनं पदर तोंडाला लावला. "दाबा तोच."

"अगं, कोणाला तरी उगाच..."

"दाबा म्हणते ना!"

दाबला. पलीकडून बाई म्हणाली, ही व्यक्ती दुसऱ्या कॉलवर बोलत आहे. पुन्हा लावला. बोलत आहे. आता माझ्या फोनवर, या वेळी, आप्पा दुसऱ्या कोणाशी बोलणार? आणि काय बोलणार? ज्या माणसाला बटण दाबता येत नाही, त्याच्या तोंडी माझ्या मुलीचं लग्न!

स्कूटर काढली. बावड्यापर्यंत बायको मागून एकच वाक्य म्हणत होती, "आप्पा खोटं बोलत नाहीत हो." एरवी हे मी कौतुकानं ऐकलं असतं.

आप्पा अंगणात बाजेवर बसले होते, माझा फोन कानाला. आम्हाला पाहून त्यांनी हातानंच थांबा म्हटलं.

"व्हय, व्हय... पोरगी? तोंडानं फटकळ हाय, ते खरं सांगतो... आता बापाचं इचारू नका. मानूस लाख हाय, पर बोलाय लागला की आमची भाकरी करपती..."

"आप्पा!" मी ओरडलो.

आप्पा दचकले आणि बोट कुठंतरी पडून फोन कट झाला. या वेळी नेमकं बटण सापडलं!

"कोण होतं?" मी विचारलं.

"मिरजंचं पावणं. म्या म्हटलं, पाळकसायेबांचा फोन माझ्याकडं आलाय, तुमचं काय काम हाय? तर पोरीची चौकशी कराय लागलं. सांगितलं जे हाय ते."

"असं सांगतात का?"

"खरं बोला म्हनून गेल्या रविवारी घसा तुमीच कोरडा केला की!"

बायको पायरीवर बसली. डोळे भरलेले. मी आप्पांच्या हातातून फोन घेतला, आणि तो तेवढ्यात वाजला.

"सलाम पाळकसाहेब," सर म्हणाले. "मघाशी कट झाला. तुमचे आप्पा फार मोकळे गृहस्थ आहेत."

"सर, ते जे काही..."

"मी स्पष्ट सांगतो. आम्ही नाही म्हणणार होतो. पाळकाच्या घरची मुलगी, घरात प्रत्येक गोष्टीवर उपदेश होईल, असं आमच्या घरच्यांना वाटत होतं. पण आप्पा म्हणतात, तुम्ही लांबलात की तुमची मुलगी पहिल्या बाकावरून मनगटावरचं घड्याळ दाखवून तुम्हाला थांबवते. खरं का?"

मी बायकोकडे पाहिलं. आप्पांकडे पाहिलं. "खरं," म्हटलं.

"अहो, शाळा सुटली तरी मी घरात बोलतच असतो. मला थांबवणारं कुणी नाही, असं सगळे म्हणतात. मुलगी आम्हाला पसंत आहे. एकच अट. लग्नातलं प्रवचन दुसऱ्या पाळकांना द्या."

"मी बावीस मिनिटांवर..."

"मोजायला सुरुवात कधी करता तुम्ही?" सरांनी विचारलं. (आप्पांनी तेही सांगितलं होतं. मी प्रस्तावना संपल्यावर मोजतो.)

अट मान्य केली. मग आठवलं. "आप्पा, तुमची म्हैस! डॉक्टर पाठवलेत मी." आप्पांनी आपला फोन हिसकावून मळ्यावर लावला. रेडी झाली होती, आई-लेक खुशाल होत्या.

"तुमी माझी म्हस बघितली, म्या तुमची पोरगी बघितली. फिटलं की!" आप्पा म्हणाले, आणि बायको डोळे पुसता पुसता हसायला लागली.

लग्नात मिरजेच्या पाळकांनी प्रवचन केलं. पाऊण तास झाला तरी ते नोहाच्या तारवातून खाली उतरले नव्हते. नवरीच्या पोशाखातल्या शलोमीनं सवयीनं मनगट वर केलं, पण माझ्याकडे बघून! मी बाकावर गप्प बसलो होतो, तरी मान खाली घातली.

जेवणाच्या पंगतीत आप्पा मोबाईल काढून काहीतरी टिपत होते. (एव्हाना त्यांना बटणं सापडायला लागली होती.) मी वाकून पाहिलं. मिरजेच्या पाळकांचा नंबर 'लांबण' म्हणून नोंदवला होता.

"आणि माझं नाव?" मी आशेनं विचारलं.

"तुमचं बी बदललं की," आप्पा म्हणाले आणि फोन पुढे केला. 'लांबण दोन.'