कॅसेटच्या सुरुवातीची टाळी

चाचा कुठल्याही खोलीत शिरले की आधी एक टाळी वाजवायचे. एकच. मग मान जराशी तिरपी करून थांबायचे आणि ती टाळी कुठे कुठे जाऊन परत येते ते ऐकायचे. लग्नाचा हॉल असो, दवाखाना असो, कुणी चहाला बोलावलेलं असो, आधी टाळी. आमच्या यवतमाळच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा माझ्या आईला वाटलं, पाहुणे कुणाला तरी हाक मारताहेत. ती पाण्याचा तांब्या घेऊन घाईने बाहेर आली. चाचा तिला म्हणाले, "वहिनी, तुमची खोली लय साफ बोलते. पडदे नका लावू." आईने त्या बैठकीत पुढे कधी पडदे लावले नाहीत.

दारव्ह्याला बसस्टँडमागच्या गल्लीत त्यांचं एका खणाचं दुकान होतं. भोंगे आणि माइक भाड्याने देणं, कॅसेटी भरून देणं आणि भजनी मंडळं, कव्वाल, लग्नातले वाजंत्री यांचं रेकॉर्डिंग करणं हा धंदा. सगळा तालुका त्यांना चाचाच म्हणे. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपल्या कामात ती इतकी मुरलेली असतात की त्यांना नाव आहे हेच लोक विसरतात. मी तर मुद्दाम विसरलो. ते सांगायलाच बसलो आहे.

तेव्हा मी कॉलेजात होतो आणि आम्हा चौघांना डेथ मेटल नावाचं वेड लागलं होतं. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. यात गिटार करवतीसारखी वाजते, ड्रमवाला दोन्ही हातापायांनी एकदम बडवतो आणि गाणारा गात नाही, डुरकतो. शब्द मेलेल्या माणसांबद्दल असतात, पण ते कुणाला कळत नाहीत, ही त्यातल्या त्यात सोय. माझा एक मावसभाऊ पुण्याहून अशा कॅसेटी आणायचा. त्या ऐकून आम्हीही पाच गाणी बसवली. बँडचं नाव इथे लिहीत नाही, त्यात थडगंही होतं आणि रक्तही.

नागपूरच्या एका स्टुडिओवाल्याने आमचा नमुना अर्धा मिनिट ऐकला आणि मशीन बिघडल्याचं सांगितलं. मग कुणीतरी चाचांचं नाव सुचवलं. चाचांनी डोळे मिटून नमुना संपेपर्यंत ऐकला, कॅसेट उलटी करून दुसरी बाजूही ऐकली. त्यांनी एकच विचारलं, याचे बोल काय आहेत. मी अवघडत अर्थ सांगितला, की मेलेला माणूस कबरीत पडून आहे आणि वर माती पडते आहे. चाचांनी बराच वेळ विचार केला.

"मंग एवढी घाई कायले करून राह्यले?" ते म्हणाले. "मयताले घाई नसते."

आम्ही एकमेकांकडे पाहून हसलो. पण तिसरं गाणं मधूनच संथ करून पाहिलं आणि आमच्याच अंगावर काटा आला.

रेकॉर्डिंगसाठी त्यांनी ओळखीच्या एका कापूस जिनिंगचं गोदाम मागून घेतलं. सुट्टीचा दिवस होता. आत रुईच्या गाठी छतापर्यंत रचलेल्या. चाचांनी तिन्ही बाजूंना गाठी येतील असं ड्रमवाल्याला मधे बसवलं, माइक कुठे आणि किती उंच हे वीतभर इकडेतिकडे करत तासभर घालवला. डुरकणाऱ्या आमच्या मित्राला ज्येष्ठमधाच्या काड्या चघळायला दिल्या, कारण कव्वालांनाही ते तेच द्यायचे. "घशातून नको काढू, पोटातून काढ," हेही त्यालाच. मग त्यांनी आपली टाळी वाजवली. ती रुईत गेली ती गेलीच, परत आली नाही. चाचांचा चेहरा लहान मुलासारखा उजळला.

"हे पाह्य, खोली चूप झाली," ते म्हणाले. "आता तुमी बोला."

रेकॉर्डिंगचं बटण दाबलं की परत एक टाळी, मग बोटाची खूण, मग गाणं. भजन असो की कव्वाली, त्यांच्या प्रत्येक कॅसेटच्या सुरुवातीला ती टाळी असायचीच. आवाज कसा भरला गेला, हे म्हणे त्यांना नंतर त्या टाळीवरून कळे.

आता मूळ गोष्टीकडे येतो. कॅसेटचं कव्हर छापायचं काम माझ्याकडे होतं. दारव्ह्यातल्याच एका लग्नपत्रिकांच्या प्रेसमध्ये ते दिलं. रेकॉर्डिंग कुणी केलं या ओळीशी माझा हात अडला. चाचांच्या दुकानाच्या नावात 'साउंड सर्व्हिस' होतं आणि पुढे 'दारव्हा'. हेच वेड लागलेल्या परदेशातल्या पोरांना टपालाने कॅसेटी पाठवायच्या आणि त्यावर लग्नात भोंगे लावणाऱ्याचं नाव? मला लाज वाटली. तळघर असा अर्थ असलेलं एक इंग्रजी स्टुडिओचं नाव मी बसल्या जागी बनवलं आणि खाली मुंबई लिहिलं. प्रेसवाल्याने सवयीने कोपऱ्यात फुलांची वेलबुट्टी टाकली होती. ती काढायला मी यवतमाळहून दोन चकरा मारल्या. म्हणजे वेलबुट्टी काढायला मला वेळ होता.

छापलेली कॅसेट चाचांना नेऊन दिली. त्यांनी कव्हर उलगडलं, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि बोट फिरवत सगळं वाचलं.

"बेटा, आपलं नाव नाही दिसून राह्यलं," ते म्हणाले.

"प्रेसवाल्याकडून राहून गेलं चाचा," मी म्हणालो.

चाचांनी कव्हर घडीवर घडी ठेवून डबीत घातलं. "असू दे. पुढच्या वेळी टाक," म्हणाले आणि चहा सांगितला. तो चहा मी प्यायलो.

पुढची वेळ आली नाही. बँड मोडला, ड्रमवाला शेतीकडे वळला, मी शाळेत गणित शिकवायला लागलो. दारव्हा यवतमाळहून तासाभराच्या रस्त्यावर. लग्नाकार्याला कैकदा गेलो, पण बसस्टँडमागच्या गल्लीत वळलो नाही. आधी लाज म्हणून आणि पुढे पुढे सवय म्हणून.

आणि दोन वर्षांपूर्वी युरोपातल्या एका माणसाचा ईमेल आला. जुन्या, कुणी न ऐकलेल्या डेथ मेटलच्या कॅसेटी शोधून तो त्यांच्या नव्या तबकड्या काढतो. आमची कॅसेट त्याला कुठल्याशा खोक्यात सापडली होती. त्याने इंटरनेटवर टाकलेल्या नमुन्याखाली जगभरच्या लोकांनी लिहिलं होतं, की असे ड्रम आम्ही कधी ऐकले नाहीत, भिंतीच नाहीत असं वाटतं. तिसऱ्या गाण्यातल्या संथपणावर तर एकाने निबंधच लिहिला होता. मुंबईतला हा तळघरातला स्टुडिओ कुठे होता, यावर त्यांची भांडणं चाललेली.

पन्नाशीला टेकलेल्या गणिताच्या मास्तरला हे वाचून काय होतं ते विचारू नका. मी हवेत होतो. त्याने मुलाखत मागितली, मी दिली. गाणं संथ करायची कल्पना कुणाची, असं विचारलं. मी लिहिलं, माझी. स्टुडिओचं विचारलं. मी लिहिलं, कधीच बंद पडला. शेवटी त्याने कळवलं की सुरुवातीला टाळीसारखा एक आवाज आहे, ठेवू की काढू? मधल्या सुट्टीत डबा खाता खाता मी उत्तर दिलं. काढून टाका, चुकून आलेला आवाज आहे.

तबकडीचं पार्सल आलं तेव्हा मात्र मला ती घरात ठेववेना. जाड कागदी पाकीट, माझा जुना फोटो आणि खाली त्या खोट्या स्टुडिओचं नाव, आता सोनेरी अक्षरांत. दोन दिवस ती कपाटावर पडून होती आणि मी तिच्याकडे न बघता ये-जा करत होतो. तिसऱ्या दिवशी ती पिशवीत घातली आणि दारव्ह्याची जीप पकडली. चाचांच्या पायाशी ठेवायची आणि सगळं सांगून टाकायचं, असं ठरवलं होतं.

दुकानात शिलाई मशीन होतं. मशीनवर चाचांची मुलगी. मी नाव सांगितल्यावर तिने लगेच ओळखलं. अब्बा जाऊन दोन वर्षं होतील, म्हणाली. हिशेब केला तर तो ईमेल आला त्याच सुमारास. म्हणजे तेव्हा लगेच निघालो असतो तरी कदाचित भेटले असते.

भिंतीलगतच्या लोखंडी कपाटात त्यांच्या कॅसेटी ओळीने लावलेल्या होत्या. तिने आमची बरोबर काढली. कव्हरवर बोट ठेवून ती सहज म्हणाली, "हे छापणारे आमचे खालू. मावशीचे मिस्टर. छापायच्या आधी अब्बाले दाखवाले आणलं होतं त्यायनं. म्हणे, तुमचं नाव नाही यात, टाकू का? अब्बा म्हणे, पोरायनं देलं तसंच छाप."

म्हणजे चाचांना आधीच माहीत होतं. तरी त्यांनी मला विचारलं होतं. खरं सांगायची एक संधी दिली होती त्यांनी मला, आणि वर चहा पाजला होता.

ती बोलतच होती. अब्बांचे फोटो दोनचार आहेत, म्हणाली, पण आवाज कुठेच नाही. जन्मभर दुसऱ्यांचे आवाज भरले, स्वतःचा भरायचं सुचलं नाही. "पण टाळी हाय," ती म्हणाली. "हरेक कॅसेटात हाय. अम्मी रोज एक लावते. टाळी झाली की बंद करते."

मग तिने माझ्या पिशवीकडे पाहिलं, तेव्हा त्याच कॅसेटची नवी तबकडी निघाली आहे असं मी सांगितलं. तबकडी वाजवायचं यंत्र तिच्याकडे कुठलं असणार? मी फोन काढला आणि तबकडीवरचीच गाणी लावली, माझं मन कुठे होतं कोण जाणे. गिटार एकदम सुरू झाली. तिने बोट वर केलं, थांबा अशी खूण केली, परत पहिल्यापासून लावायला सांगितलं. मी लावलं. परत गिटारच.

"अब्बाची टाळी?" तिने विचारलं.

तिने मशीनवरचं कापड बाजूला सारलं, पदर कानामागे घेतला आणि टाळी पुढे कुठे असेल म्हणून ऐकत राहिली. डुरकणं, करवत, दणदण, सगळं. पाचही गाणी. वीस-बावीस मिनिटं. मी समोर बसून होतो. खरं सांगायला मला तेवढा वेळ होता.

गाणी संपली. ती माझ्याकडे पाहत थांबली.

"तबकडी छापणाऱ्यांकडून राहून गेली असेल," मी म्हणालो.

तिची नजर क्षणभर माझ्यावर ठरली. मग तिने आमची जुनी कॅसेट डबीत घातली, कपाटात जागच्या जागी ठेवली आणि मशीनवर परत कापड ओढून घेतलं.

"असू द्या," ती म्हणाली. "पुढच्या वेळी टाका."

मग तिने शेजारच्या टपरीवर चहा सांगितला.