हरवला तरी चालेल असा चाकू

"याच्याहून हलका दाखव," शेफिका म्हणाली.

हायरोने हातातला चाकू काउंटरवर ठेवला आणि चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. उना नदीकाठच्या त्या गावात खिळे, गळ, छत्र्या आणि चाकू विकण्यात त्याचा जन्म गेला होता, पण असलं गिऱ्हाईक त्याच्या दुकानात कधी आलं नव्हतं.

"वहिनी, लोक भाव उतरवायला भांडतात, तुम्ही माल उतरवायला भांडताय. पोरीच्या जिवाचा प्रश्न आहे, चांगला घ्या की!"

"जिवाचा आहे म्हणूनच म्हणते. असा दे, की नदीत पडला तर हळहळसुद्धा वाटू नये."

पोरगी म्हणजे मेरिमा, तिची एकुलती एक. उन्हाळाभर ती पाहुण्यांना कयाकच्या अरुंद नावांमध्ये बसवून खळाळातून खाली नेई. तिच्या वयाची निम्मी पोरं ऑस्ट्रियात पळाली होती. मागे राहिलेल्यांना नदीच पोसत होती. शेफिकाही खालच्या काठावर, भिजून आलेल्या मंडळींना घेवड्याचं कालवण आणि पाव वाढी. नदीचं तोंड पाहायची इच्छा नव्हती, पण पोट तिच्यावरच होतं.

नदीवाल्याला चाकू लागतो तो दोर कापायला. पाण्यात दोराचा वेढा अंगाला पडला की हाताशी फार वेळ नसतो. हे सगळं शेफिकाला नको इतकं ठाऊक होतं. घडीचा चाकू तिने हातसुद्धा न लावता परत केला. तो उघडायला दोन हात लागतात. टोकदार नको म्हणाली, घाईत स्वतःच्याच मांडीत जायचा. मग हायरोकडून पाण्याची बादली मागवली, हाताला साबण फासला, डोळे मिटले आणि एकेक चाकू डाव्या हाताने म्यानातून ओढून पाहिला. हायरोची बायको आतून डोकावली आणि "आता अंघोळही इथेच उरका" म्हणाली. शेवटी बोथट टोकाचा, अर्ध्या धारेला दाते असलेला, प्लास्टिकच्या म्यानातून खटकन निघणारा एक पिवळाधमक चाकू तिने पसंत केला. दिसायला अगदी भिकार होता. दोर मात्र त्याने दोन हिसक्यांत कापला.

पैसे घेताना हायरोला राहवलं नाही. "रासिमचा केवढा भारी होता! जर्मन! आणि छातीवर असून त्या वेळी हात गेला नाही त्याचा. घाबरला बिचारा."

शेफिकाने उरलेली मोड उचलली आणि बाहेर पडली. सात वर्षं ती हे ऐकत होती. कॉफी पिताना, लग्नात, पावाच्या रांगेत. रासिम चांगला माणूस, पण ऐन वेळी घाबरला.

तिचा नवरा रासिम घाबरणाऱ्यांतला नव्हता. तो बांधणाऱ्यांतला होता. नदीवर जाताना टोपी बांधी, चष्मा बांधी, थर्मास बांधी. लोक म्हणत, बायको नावेत बसली तर तिलाही बांधील. भावाने ऑस्ट्रियातल्या लिंझहून पाठवलेला तो भारी चाकू हरवेल या धास्तीने तो घरीच ठेवायचा. तेव्हा सतरा वर्षांच्या मेरिमाने नारिंगी दोरीचा गोफ विणला, मुठीला गुंडाळून म्यानाशी पक्का बांधला आणि म्हणाली, "आता घेऊन जा, बाबा. आता नदीच्या बापालाही नेता येणार नाही."

त्या उन्हाळ्यात बुडणाऱ्या पाहुण्याला फेकलेला दोर रासिमच्याच पायात अडकला. पाहुणा वाचला. रासिमला बाहेर काढलं तेव्हा चाकू म्यानात होता, पाण्याने गोफ फुगून गाठ घट्ट झाली होती, आणि त्याच्या उजव्या हाताची तीन नखं उखडलेली होती. शेफिकाने घरी कुणी भेटायला यायच्या आत तो गोफ कापला आणि चुलीत घातला. लोकांना नवऱ्याला भित्रा म्हणू दिलं. पोरीला काही कळू दिलं नाही.

"ई! केळं आणलंस की चाकू?" पिवळी मूठ पाहून मेरिमा हसली.

"हरवला तर हरवू दे. दुसरा आणू."

"तू आणलेला हरवू? वेडी आहेस का?" मेरिमाने तिच्या गालाचा मुका घेतला.

शेफिकाला त्यात काही खटकलं नाही. तिला फक्त बरं वाटलं. फार दिवसांनी बरं वाटलं, म्हणून दुसऱ्या सकाळी ती पालक भरलेला पिटा भाजून वरच्या काठावर गेली, जिथून नावा सुटतात. मेरिमा पाहुण्यांची शिरस्त्राणं तपासत होती. तिच्या छातीवर पिवळा चाकू होता. त्याच्या मुठीवर नारिंगी गोफ होता.

"हे काय?"

"रात्री विणला. बाबांना केला होता ना, तस्सा."

"काढ तो."

"अगं, पडेल ना!"

"पडू दे. कशात तरी अडकेल. वाईट दिसतं. काढ म्हणते ना!"

"सकाळी सकाळी काय झालंय तुला?" मेरिमा हसली आणि वल्हं उचलायला वाकली. पाहुणे खोळंबले होते. कुणीतरी शिट्टी वाजवली.

शेफिकाने तिचं जाकीट धरलं. आणखी एखादी थाप सुचली असती तर तिने मारली असती. एकही सुचली नाही.

"बाबांचाही बांधलेला होता," ती म्हणाली. "निघाला नाही तो. त्यांनी ओढला होता, मेरिमा. खूप ओढला होता."

मेरिमाने खाली पाहिलं. मग गोफ सोडायला लागली. दहिवराने गाठ ओली झाली होती. नखांना दाद देईना. आत चाकू असून त्याचा उपयोग नव्हता. शेवटी शेफिकानेच पिटा कापायच्या सुरीने गोफ कापला.

"बाबांची गाठ पाणी लावून आवळली होती मी," मेरिमा म्हणाली. "सुटू नये म्हणून."

"तू पोर होतीस गं."

मेरिमा नावेत बसली. रोज पहिल्या वळणावर ती वल्हं उंच करून काठावरच्यांना निरोप देई. त्या दिवशी नाव तशीच वळली आणि दिसेनाशी झाली.

संध्याकाळी ती धडधाकट परत आली. चाकू टेबलावर ठेवला आणि आपल्या खोलीत गेली. शेफिकाने दोनदा हाक मारली, मग ताट झाकून ठेवलं. सकाळी ते तसंच होतं.