सुजलेल्या खुरात खिळा

अकोल्यातल्या तबेलेवाल्यांना पुंजाराम नालबंदाचा हात हवा असे, तोंड नको असे. साठी उलटली होती. लष्कराच्या घोडेतळावर सतरा वर्षं खुरं तासताना मारवाड, काठेवाड, अरबस्तान, विलायत अशी कुठकुठची जनावरं त्याच्या हाताखालून गेली होती. भीमेकाठचं बुटकं, चिवट भीमथडी तट्टू त्याचं विशेष आवडतं. घोडा कुठल्या मातीतला आहे याचा विचार न करता कुणी त्याला पाळला, की पुंजारामाचं डोकं फिरे.

मे महिन्यात बार्शीटाकळी रस्त्यावरच्या एका रिसॉर्टमधून बोलावणं आलं. मालक विपुलनं वाढदिवसाच्या सवाऱ्यांसाठी शेटलंड जातीचं तट्टू ठेवलं होतं. कमरेएवढं, झिपऱ्या आयाळीचं. ते लंगडू लागलं होतं आणि संध्याकाळी कार्यक्रम होता.

पत्र्याच्या शेडमध्ये शिरताच पुंजाराम थबकला. तट्टू पुढचे पाय लांब ताणून, सगळा भार मागच्या पायांवर टाकून उभं होतं. त्यानं खुराला हात लावला. तव्यासारखं तापलेलं. समोर घमेल्यात भिजवलेला चना आणि गूळ.

"हे चारून राहिले तुमी याले?"

"महागाचा घोडा आहे, काका. चांगलंच खाऊ घालतो."

"समुद्रातल्या थंड बेटावरची जात हे. तिथं नुसता वारा अन् खुरटं गवत. त्याच्यावर जगते ते. म्हणून अंगावर एवढे केस. तुमी त्याले पत्र्याखाली भाजून राहिले, वरून चना-गूळ. खुरं आतून सुजले त्याचे."

"आजच्यापुरती नाल ठोकून द्या. उद्या डॉक्टर बोलावतो."

"तुमच्या सुजल्या नखात खिळा ठोकू का मी?"

विपुलनं दुसऱ्या नालबंदाला फोन लावला. पुंजारामाची कानशिलं तापली. त्यानं शेडचं फाटक आतून लावून घेतलं आणि त्याला पाठ टेकून खाली बसला. तिथूनच त्यानं बार्शीटाकळीच्या जनावरांच्या डॉक्टर आकांक्षाला फोन केला. मग स्वयंपाकघरातल्या माणसाकडून फाटकावरूनच बर्फ घेतला, दोन बादल्या भरल्या आणि तट्टूचे पुढचे पाय त्यात बुडवून धरले. बाहेर विपुल ओरडत होता. पुंजारामानं मान वर केली नाही.

तासाभरात आकांक्षा आली. तपासून झाल्यावर तिनं विपुलला सांगितलं, "याच्या पाठीवर कुणी बसलं तर मी स्वतः पोलिसांत तक्रार देईन." सवारी रद्द झाली.

तट्टू वाचलं. पावसाळा सरेपर्यंत ते रेतीवर हळूहळू चालू लागलं. पाठीवर मात्र आता कुणाला घेणार नव्हतं. विपुलनं पुंजारामाला पुन्हा बोलावलं नाही, त्याच्या ओळखीच्या आणखी दोन तबेल्यांनीही नाही.

दिवाळीच्या सुमारास आकांक्षा भेटली. "तुम्ही होते म्हणून वाचलं ते," ती म्हणाली.

पुंजाराम उखडला. "काय वाचलं? मार्चमंदी त्याच तबेल्यात दोन मारवाडी घोड्यांले नाल माराले गेलो होतो. तवाच याची मान चरबीनं दगडासारखी झालेली पाह्यली होती म्या. आता खुरं सुजतीन, हे कळलं होतं. काम हातचं जाईन म्हणून बोललो नाही."

तो तिच्याकडे न बघताच सायकलवर बसला.