सहावं शील

टेंभुर्णीच्या स्टँडवर काळी-पिवळी चालवणाऱ्यांत तातेरावइतका भांडखोर माणूस दुसरा नव्हता, आणि त्याच्याइतका खरा माणूसही दुसरा नव्हता. दहाची जीप अकराला सुटली तर बाकीचे ड्रायव्हर पंक्चरची थाप मारायचे. तातेराव तोंडावर सांगायचा, "सीटं भरली न्हवती, म्हणून थांबलो. घाई व्हती तर चालत जायचं." त्याची बायको कौसल्या म्हणायची, "यांना खोटं बोलता येत न्हाई, म्हणून तर घरात बरकत न्हाई." हे कौतुक होतं की तक्रार, ते तिलाच ठाऊक. पण एवढं ध्यानात असू द्या, कारण पुढं त्याचं सगळं याच एका गोष्टीवर अडलं.

त्याचे दोस्त दोनच, बद्रीनाथ आणि कल्याण. बद्रीनाथची गावाला लागून पाच एकर शेती, कल्याणचं मोटार रिवायंडिंगचं दुकान. तिघं सातवीपासून एका बाकावर. पहिली सिगारेट तिघांनी मिळून ओढली ती बद्रीनाथच्या विहिरीवर, आणि एकातच ओढली, कारण दुसरी घ्यायची ऐपत नव्हती. त्या काळी बद्रीनाथच्या घरी तातेरावला पाणी मिळायचं ते ओंजळीत वरून ओतून. त्याची आजी तांब्या असा उंच धरायची की निम्मं पाणी कोपरावरून वाहून जायचं. पण विहिरीवर बद्रीनाथच्या ओठातली ओली सिगारेट तातेरावच्या ओठात जायची आणि तिथून कल्याणच्या. मध्ये बसायचा तो तातेराव. कुणी पुसून घेतली नाही, कुणी त्याला गाळून पुढं दिली नाही. तातेरावनं हे कधी कुणाला बोलून दाखवलं नाही, पण आयुष्यात त्याला बरोबरीनं वागवलं ते आधी त्या सिगारेटनं, माणसांनी नंतर.

पुढं आजी गेली, तांब्याही गेला, बद्रीनाथच्या पोरीच्या लग्नात तातेराव पंगतीत वाढायला होता. पैसेही आले, तिघांच्या खिशात तीन पाकिटं आली. तरी रविवारी विहिरीवर बसले की सिगारेट एकच पेटायची आणि फिरायची. सोबत बाटली असायची, गोवऱ्यांत भाजलेली बट्टी असायची. दुपारी बसायचे, दिवस कलायच्या आत घरी.

पन्नाशीला टेकताना तातेरावच्या उजव्या पायाची करंगळी काळी पडली. आधी त्यानं हळद लावली, मग मेडिकलवाल्याला विचारून मलम लावलं. जालन्याच्या डॉक्टरांनी पाय पाहिला तेव्हा करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्ही काढावी लागली. डॉक्टर म्हणाले, "शुगरनं पाय बधिर झालाय आणि सिगारेटनं रक्ताच्या नळ्या आवळल्यात. दारूही सोडा. पण सिगारेट आजच सोडा. एक जरी ओढली, तर पुढच्या वेळी बोटावर भागायचं नाही."

पाय गेला म्हणजे जीप गेली, हे सांगायला डॉक्टर लागत नव्हता. आधीच त्या तळव्याला काही कळेनासं झालं होतं. ब्रेकवर पाय पडला की नाही ते तातेरावला गाडीवरून कळायचं, पायावरून नाही. मागं चौदा माणसं खेटून बसलेली असायची, आणि जाफराबादला पोचेपर्यंत त्याच्या पाठीला घाम असायचा.

दवाखान्याच्या पायरीवर कौसल्यानं सौदा केला. ती म्हणाली, "मी वळखते तुमाला. दोन्ही एकदम तुमच्यानं व्हायचं न्हाई. दोन्ही सोडायला जाल अन दोन्ही धरून बसाल. सिगारेट सोडा. रविवारचं बसणं ऱ्हाऊ द्या, मी बिलकुल बोलणार न्हाई."

तातेरावला वाटलं, बायको असावी तर अशी. कौसल्यालाही वाटलं की आपण शहाणपणाचा व्यवहार केला.

त्यांच्या घरी रविवारी सकाळी वंदना व्हायची. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली मेणबत्ती, समोर तातेराव, कौसल्या आणि बारावीतली पोरगी संध्या. तिघं पंचशील म्हणायचे. चार शीलं तातेराव खणखणीत म्हणायचा. चौथं, खोटं न बोलण्याचं, तर अंमळ जास्तच. पाचवं आलं, नशा न करण्याचं, की त्याला खोकला यायचा. इतका नेमका यायचा की संध्या लहानपणापासून तिथं हसू दाबायची. दुपारी जे करायचं ते सकाळी कसं नाकारायचं, म्हणून तो खोकून मोकळा व्हायचा. हीसुद्धा त्याच्या परीनं सचोटीच होती.

पायाची बोटं गेल्यावरच्या पहिल्या रविवारी कौसल्या पाचव्यावर थांबली नाही. साध्या मराठीत म्हणाली, "अन सिगारेट वढणार न्हाई. म्हणा."

"हे कुठं लिव्हलंय?"

"हे आपल्या घरचं हाये. सहावं. म्हणा."

तातेरावनं म्हटलं. न खोकता म्हटलं.

आणि पाळलं. पहिला महिना त्यानं कसा काढला ते स्टँडवर विचारा. बडीशेप चघळून जिभेची सालं निघाली. तो प्रवाशांशी भांडला, ट्रॅफिकवाल्याशी भांडला, एकदा तर सुट्या पैशांवरून एका आंधळ्या म्हाताऱ्याशी भांडला आणि मग त्याला फुकट घरापर्यंत नेऊन सोडलं. दिवस निभायचा. रविवार निभत नव्हता. पहिला घोट पोटात गेला की उजव्या हाताची दोन बोटं आपोआप फाकायची आणि तशीच रिकामी राहायची.

दोस्त भले होते. तातेरावसमोर ओढायची नाही असं दोघांनी ठरवलं. तलफ आली की ते उठून मोटारीच्या खोलीमागं जायचे. तातेराव विहिरीच्या काठावर एकटा ग्लास धरून बसायचा आणि खोलीमागनं दोघांचं हसणं ऐकू यायचं. तिसऱ्या रविवारी त्याला तो उंच धरलेला तांब्या आठवला. इतक्या वर्षांत आठवला नव्हता. त्याला रडू आलं आणि रडू आल्याचा रागही आला.

दोघं परत आल्यावर तो म्हणाला, "इथंच वढत जा. माझ्यासमोर."

कल्याण म्हणाला, "तात्या, तुला तलफ ईल."

"यिऊ दे. अन मला गाळून पुढं द्यायची न्हाई. माझ्या हातातून जाऊ द्या. मी वढणार न्हाई, पण हातातून जाऊ द्या."

तेव्हापासून तसं सुरू झालं. बद्रीनाथनं दोन कश मारायचे आणि तातेरावच्या बोटांत द्यायची. तातेरावनं ती क्षणभर धरायची आणि कल्याणला द्यायची. कल्याणकडून परत यायची तीही त्याच्याच हातून. धूर नाकाशी यायचा, जीव कासावीस व्हायचा, पण ओठांपर्यंत त्यानं ती एकदाही नेली नाही. अकरा महिने. दोस्त चेष्टेनं त्याला पोस्टमन म्हणायला लागले. त्याला ते आवडायचं.

घरी मात्र हे सांगायची सोय नव्हती. आजीच्या तांब्यापासून सुरुवात करावी लागली असती, आणि तांब्याचं तर त्यानं कौसल्यालाही कधी सांगितलं नव्हतं. कौसल्या रविवारी संध्याकाळी त्याच्या तोंडाचा वास घेत नसे, तिथं दारूच यायची. ती बोटांचा वास घ्यायची. म्हणून तातेराव निघताना विहिरीवर माती लावून हात घासायचा. आयुष्यात चोरी केली नाही, पण दर रविवारी चोरासारखे हात धुतले. मला विचाराल तर त्याचं चुकलं ते इथंच. खऱ्या माणसानं लपवायला जाऊ नये, त्याला ते साधत नाही.

मार्गशीर्षातला रविवार होता. हवेत गारठा, म्हणून दोन पेग जास्त झाले. तातेरावचा उजवा पाय पुढं पसरलेला, त्यावर अजून न भरलेल्या जखमेची ड्रेसिंगची पट्टी, पट्टीवर नायलॉनचा मोजा आणि वर पट्ट्याची चप्पल. बद्रीनाथनं दिलेली सिगारेट कल्याणकडं वळवताना तातेरावच्या बोटांतून सुटली आणि मोजा आणि चपलेचा पट्टा यांच्या बेचक्यात जाऊन बसली. तातेरावला वाटलं, कल्याणनं घेतली. कल्याणला वाटलं, मातीत पडून विझली. त्यानं दुसरी पेटवली.

थोड्या वेळानं कल्याण म्हणाला, "काहीतरी जळून राह्यलंय."

तातेराव म्हणाला, "बट्टीच्या जाळात कॅरीबॅग गेली आसंल कुणाची."

तिघांनी बट्ट्या खाल्ल्या, तूप जास्त झालं म्हणून बद्रीनाथला शिव्या घातल्या. तातेराव निघाला तेव्हा थंडी होती, पाणी गार होतं, हात धुवायचे राहिले.

घरी कौसल्यानं त्याचा हात नाकाशी नेला आणि सोडून दिला. ती ड्रेसिंग बदलायला बसली. चप्पल काढली. मोजा निघेना. वितळून आत चिकटला होता. संध्यानं कात्रीनं कापला तेव्हा मोजा, पट्टी आणि कातडी एकत्रच निघाली. आतून सिगारेटचं विझलेलं थोटुक खाली पडलं. तातेराव भिंतीला टेकून विचारत होता, "काय झालं? कामून थांबलात?"

जालन्याला नेलं. आठ दिवसांत काळेपणा घोट्याच्या वर चढला. डॉक्टरांनी विचारलं, "पुन्हा सुरू केली होती ना?"

"न्हाई. एकपण वढली न्हाई."

डॉक्टरांनी मान हलवली. अशी उत्तरं ते रोज ऐकत असावेत. तातेरावनं कौसल्याकडं पाहिलं. अकरा महिने, सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस रविवार, आणि ही एक बाई तरी मानेल, असं त्याला वाटत होतं.

कौसल्या म्हणाली, "बोटाला वास व्हता. पायात थोटुक व्हतं. सहावं मोडलं ते मोडलं, आता चौथं पण मोडून राह्यले."

दुसऱ्या दिवशी पाय गुडघ्याखाली कापला. भूल उतरल्यावर तातेराव पहिलं वाक्य बोलला ते, "मी वढली न्हाई." नर्सनं हो म्हटलं, माणूस शुद्धीवर येताना काहीही बोलतो म्हणून. कौसल्या उशाशी होती. तिनं त्याचं सगळं केलं. भांडं दिलं, भरवलं, अंग पुसलं. पण बोलली नाही. वीस दिवस ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली, आणि पाय गेल्यापेक्षा ते त्याला जास्त लागलं. तो पाय तसाही त्याचा राहिला नव्हता.

तिनं थोटुक दाखवलं तेव्हा काय झालं असावं ते त्याच्या ध्यानात आलं होतं. पण सांगायला गेला की स्वतःलाच ते खोटं वाटायचं. नुसती हातात धरत होतो, ओढत नव्हतो, हे कोण ऐकणार? थाप मारायची सवय असती तर त्यानं याहून बरी मारली असती.

घरी आणल्यावर बद्रीनाथ आला. इतके दिवस दवाखान्यात तो दारापर्यंत येऊन परत जायचा, हे संध्यानं पाहिलं होतं. आज आत आला. खुर्ची दिली तरी खाली बसला आणि तातेरावकडं न बघता कौसल्याला म्हणाला,

"वैनी, त्यानं एक कश वढला न्हाई. वरीसभर न्हाई. आमी त्याच्या हातात द्यायचो, तो पुढं द्यायचा. बस इतकंच. आमी त्याला गाळत न्हवतो."

कौसल्या चुलीतलं लाकूड पुढं सारायची थांबली.

"अन त्या दिवशी," बद्रीनाथ म्हणाला, "ती पायावर पडली ते मी पाह्यलं व्हतं. मला वाटलं, झटकंल. मंग मनात आलं, याला तर कळत न्हाई. सांगायला तोंड उघडलं, तवर बट्टी करपाया लागली म्हणून उठलो. उठलो अन इसरलो. पिल्तो, वैनी. पिलो नसतो तर इसरलो नसतो."

बद्रीनाथला शिव्या देण्यात त्या घरात कुणाला रस उरला नव्हता. तो गेल्यावर कौसल्या तातेरावजवळ येऊन बसली. त्याचा उजवा हात तिनं हातात घेतला.

"खरं बोलत व्हते तुमी."

"मंग काय."

"मीच सौदा केल्ता," ती म्हणाली. "पाचवं सोडून देऊ, सहावं धरू. पाचवं धरलं असतं तर सहाव्याची गरजच न्हवती."

तातेराव म्हणाला, "तुझी काय चूक. पेलो मी." पण तिची बोटं त्याच्या हातातून निघून गेली होती. बायकोनं खरं मानावं एवढंच त्याला हवं होतं. तिनं मानलं, आणि मानताना सगळं स्वतःच्या अंगावर ओढून घेतलं. त्याला वाटलं, हिनं मला लबाडच समजलं असतं तर बरं झालं असतं.

रविवारी सकाळी कौसल्यानं मेणबत्ती लावली. तातेराव खुर्चीवर बसला होता, उजव्या मांडीवर चादर. जीप अंगणात उभी होती, तिच्यासाठी गिऱ्हाईक बघायला सांगितलं होतं. तिघांनी शीलं म्हणायला सुरुवात केली. पाचवं आलं. तातेरावनं ते पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत म्हटलं, खणखणीत, कुठं न अडखळता. संध्यानं चमकून वर पाहिलं.

खोकला आला तो कौसल्याला. पदर तोंडाला लावून ती खोकत राहिली. संध्या पाणी आणायला उठली, आणि सहावं म्हणायचं राहून गेलं.