सुतळीच्या गाठी

संशय माझ्या स्वभावातच. दूधवाल्याच्या मापावर संशय, भटजीच्या मुहूर्तावर संशय. त्यामुळे हाडवैद्य चाचांनी माझ्या कंबरेला हात लावायला नकार दिला, तेव्हा मला वाटलं, म्हाताऱ्याचा हातगुण गेला आणि आता हा सोंग करतोय.

मी तांबट. दिवसभर वाकून हंडे ठोकायचे. तिशीतच कंबर धरली. दर बुधवारी, नदीकाठी गंगेवर बाजार भरला की मी चाचांकडे जायचो. ते तेल लावून मणके दाबायचे. दोन दिवस बरं वाटायचं, शनिवारी पुन्हा भिंतीला धरून उठणं. बाजारात ॲल्युमिनमची भांडी नुकतीच शिरली होती. अशात मला बसता आलं नाही, तर माझी जागा कायमची गेली असती. ही धास्ती कंबरेपेक्षा जास्त दुखायची.

"आता दाबणार नाही," चाचा एक कोरी सुतळी माझ्या हातात देत म्हणाले. "रोज सकाळी पालथा पड, कोपरांवर छाती उचल. एक हंडा झाला की उठ, चक्कर मार. संध्याकाळी हात धुवायच्या आधी या सुतळीला एक गाठ. बुधवारी आणून दाखव."

"मग तुम्ही काय करणार?"

"गाठी बघणार."

मी जाम वैतागलो. काही केलं नाही. बुधवारी अंघोळ उरकून एका बैठकीत सात गाठी मारल्या आणि गेलो. चाचांनी सुतळी उजेडात धरली.

"तांबटाची सुतळी, अन् इतकी गोरी?"

मी खाली बघितलं. चाचा दाराची चौकट धरून, दात आवळून उठले आणि खुंटीवरची सुतळी काढली. तेलानं काळी पडलेली, टोकापर्यंत गाठीच गाठी.

"ही कोणाची?" मी संशयानंच विचारलं.

"माझी. साऱ्या गावाची कंबर मी दाबतो, बेटा. माझी कोण दाबणार?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच संध्याकाळी खोट्या गाठी सोडल्या आणि पहिली खरी गाठ मारली.

पुढच्या बुधवारी कंबर दुखत होतीच, पण सकाळी भिंत न धरता उठलो होतो. चाचांनी सुतळी न बघताच परत दिली. सहाच गाठी होत्या. एक दिवस चुकला, ते मीच सांगितलं.