शिव्या मात्र खऱ्या पत्त्यावर

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळे तोफ म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची टाप नव्हती, पण त्याला ते ठाऊक होतं आणि आतून थोडं आवडतही होतं. बटण तीनतीनदा दाबणाऱ्यांवर त्याचा राग, दारात पाय अडकवून गप्पा झोडणाऱ्यांवर राग, आणि ‘लिफ्ट चालत नाही’ एवढंच सांगून फोन ठेवणाऱ्यांबद्दल तर विचारूच नका. पण कामाला माणूस चोख. त्या भागातल्या बहुतेक लिफ्टमध्ये आरशाच्या वर त्याच्या नंबरची पट्टी चिकटवलेली होती. आत कुणी अडकलं की तोफ शिव्या देत यायची, माणसाला सुखरूप बाहेर काढायची आणि शिव्या देतच परत जायची. लग्न केलं नव्हतं. का, ते विचारायला गेलेले लोक पुन्हा विचारायला गेले नाहीत.

एका सकाळी तो डबा भरत असताना एका बाईचा फोन आला.

“तुम्ही आत्ता मला फोन केला होता.”

“मी? नाही बुवा.”

“खोटं बोलू नका, नंबर दिसतोय मला. खातं बंद होईल म्हणून घाबरवता, वर कार्डाचा नंबर मागता? घरात आईबाप आहेत की नाही?”

तो फोन ठेवतो न ठेवतो तोच दुसरा आला, मग तिसरा. एक म्हातारा कापऱ्या आवाजात म्हणाला की माझे पैसे परत करा. एकाने तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तोफेला शिव्या नवीन नव्हत्या, पण आजवर तो देणाऱ्यांतला होता, घेणाऱ्यांतला नव्हता.

दोन दिवसांत त्याचा घसा बसला. “मी कुणालाही फोन केलेला नाही!” हे वाक्य तो ‘हॅलो’च्या जागी वापरू लागला, आणि व्हायचं ते झालं. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या एका माणसाने लिफ्टमधून फोन लावला. त्याने तोंड उघडायच्या आतच त्याला ऐकू आलं, “मी कुणालाही फोन केलेला नाही. ठेव, चोरा!” तो बिचारा अंधारात घाम गाळत बसला, आणि संध्याकाळी इमारतीच्या व्यवस्थापकाने आरशावरची पट्टी नखांनी खरवडून काढली. ही बातमी कळल्यावर तोफ तडक फोन कंपनीच्या कचेरीत गेली.

“माझ्या फोनवरून कोण लेकाचा फोन करतोय, ते सांगा आधी!”

काउंटरवरच्या मुलीने स्क्रीनवरून मान वर केली नाही. “तुमच्या फोनवरून कुणीच करत नाहीये. तुमच्या बिलात यातला एकही कॉल नाही. ही माणसं कॉम्प्युटरवरून, इंटरनेटने फोन लावतात. तिथे ‘कोणाकडून’ या जागी वाटेल तो नंबर भरता येतो.”

“आणि तुम्ही चालवून घेता?”

“कॉल निघतो कुठल्यातरी छोट्या कंपनीतून. ती पुढच्या कंपनीकडे देते, ती तिच्या पुढच्या. नंबर खरंच फोन लावणाऱ्याचा आहे का, हे वाटेत बहुतेक कुणी तपासत नाही. शेवटी जो फोन वाजतो, त्याच्या हाती जो आकडा आला तोच तो दाखवतो.”

“म्हणजे मजला दाखवणाऱ्या दिव्यासारखं. दिवा म्हणतो तिसरा, आणि लिफ्ट लोंबकळतेय सातव्यावर. दिव्याचं काय जातंय, तारेने सांगितलं ते दाखवतो. त्याच्या भरवशावर दार उघडणारा सरळ खड्ड्यात.”

“असेल,” मुलगी म्हणाली. तिला लिफ्टशी काही देणंघेणं नव्हतं.

“मग लोक उलट फोन करतात तो त्या चोराला का लागत नाही?”

“कारण तो नंबरावर जातो, आणि नंबर तुमचा आहे.”

“वा! फोन त्यांचे आणि शिव्या मात्र खऱ्या पत्त्यावर!”

“थोड्या दिवसांनी ते दुसऱ्या कुणाचा तरी नंबर धरतील. तोवर सहन करा, नाहीतर नंबर बदला. लगेच देते.”

“लिफ्टमध्ये पट्ट्या आहेत माझ्या,” तोफ गुरगुरली.

ही शुद्ध थाप होती. पट्ट्या काय, आठवड्याभरात बदलून झाल्या असत्या. नंबर सोडवत नव्हता तो ताईमुळे. आई गेली त्या दिवशी हॉस्पिटलच्या जिन्यात, झाडून सगळ्या नातेवाइकांसमोर, तो थोरल्या बहिणीवर ओरडला होता की तू तिला आणायला उशीर केलास. उशीर कुणीच केला नव्हता, डॉक्टरांनीही तेच सांगितलं होतं. ताईने पर्स उचलली आणि ती जिना उतरून गेली. पुढे तिने मोबाइल बदलला, नवा नंबर त्याला कळवला नाही. आपण होऊन तिच्या दारात जाणं या गृहस्थाच्या रक्तात नव्हतं. पण ती कधीतरी फोन करेल, आणि करेल तर तिला तोंडपाठ असलेल्या याच नंबरवर, हे त्याने मनाशी धरून ठेवलं होतं. त्याला दुसरं कुणी नव्हतं. नंबर गेला की ताई कायमची गेली.

“नाही बदलत, जा,” तो म्हणाला आणि कचेरीचं दार आपटून बाहेर पडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो एका लिफ्टच्या टपावर उकिडवा बसून दाराचं लॉक साफ करत होता. फोन वाजला. नंबर अनोळखी होता.

“हॅलो, मघाशी या नंबरवरून दुकानात फोन—”

“मी कुणालाही फोन केलेला नाही! किती वेळा सांगू? डोकं आहे की खोकं?”

पलीकडून आवाज आला, “बरं.” आणि फोन बंद झाला.

तोफेच्या हातातलं फडकं निसटून खाली गेलं. असं ‘बरं’ म्हणणारी बाई त्याच्या माहितीत एकच होती. ताई औषधांच्या दुकानात कामाला होती. चोरांच्या यंत्राने आंधळेपणाने हजारो नंबर फिरवले असणार, त्यात दुकानाचाही लागला आणि उचलायच्या आत बंद पडला. तिने पाहिलं असेल, एवढ्या वर्षांनी भावाचा नंबर. गिऱ्हाईक जायची वाट पाहिली असेल. मग स्वतःचा अभिमान गिळून तिने फोन लावला असेल, आणि त्याने तिला काय ऐकवलं? त्याला स्वतःचा असा संताप आला की बाजूला पडलेला पाना भिंतीवर फेकावासा वाटला.

तेलकट बोटांनी त्याने तोच नंबर लावला. वाजून बंद झाला. पुन्हा लावला. तिसऱ्या खेपेला तिने उचलला.

“ताई, मी.”

“कोण मी?”

“अगं, नंबर बघ ना!”

“नंबर मघाशीही तुझाच होता. आणि तू म्हणालास, तू केलाच नाहीस. मग हा तरी तूच कशावरून?”

“चोर माझा नंबर टाकून लोकांना फोन करतात गं! मघाचा त्यांचा होता. हा माझा आहे.”

“छान. म्हणजे इतक्या वर्षांत मला फोन केला तोही चोरांनीच.”

त्याला माफी मागायची होती. अगदी ओठांवर आली होती, पण तोंड उघडलं आणि बाहेर पडलं ते भलतंच. “आणि तू कुठे केलास, म्हशी? नंबर बदलून बसलीस! फोन वाजला की दर वेळी मला वाटतं, तूच असशील. दर वेळी! या चोरट्यांच्या शिव्या काय हौस म्हणून खातोय मी?”

खाली कुणीतरी लिफ्टचं बटण दाबत सुटलं होतं, त्याच्यावर ओरडायचंही तोफेला सुचलं नाही.

“म्हशी म्हणालास,” ताई म्हणाली.

“तोंडातून गेलं.”

“चोर असता तर मॅडम म्हणाला असता. तूच आहेस, गाढवा.” तिचा आवाज अजूनही कडक होता. “आता जिन्यात जे बोललास, त्याचं बोल.”

तोफ बोलली, पण इतक्या हळू की ताईला दोनदा विचारावं लागलं.

“उशीर तू केला नव्हतास,” तो म्हणाला.