भवानी झाल्याशिवाय शटर खाली न्हाय

माझा बाप पहिल्या गिऱ्हाईकापायी मेला.

असंच लिहिणार. ज्याला खटकेल त्यानं खुशाल अनफ्रेंड करावं.

आज आण्णांची पुण्यतिथी. सकाळपासून फॅमिली ग्रुपवर त्यांचा हार घातलेला फोटो फिरतोय. खाली कुणीतरी हौशीनं लिहिलंय, 'यशस्वी व्यापाऱ्याच्या सवयी'. पहाटे उठणं. गोड बोलणं. पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हातानं न पाठवणं. भवानी झाल्याशिवाय दुकान न सोडणं.

त्यावर टाळ्यांचे इमोजी.

अरे, त्या शेवटच्या सवयीनंच माणूस गेला! टाळ्या कसल्या वाजवताय?

नव्या मित्रांसाठी सांगते. महाद्वार रोडच्या मागच्या बोळात आमचं स्टीलच्या भांड्यांचं दुकान. नव्वदच्या सुमाराला आण्णांनी हातगाडीवर सुरू केलेलं. मी इंजिनिअर झाले, उचगावात घर झालं, धाकट्या सुनीलला चालू धंदा मिळाला. सगळं त्यांच्या सवयींवर. ते नाकारता येत नाही, म्हणून तर जास्त राग येतो.

दिवसाची पहिली विक्री म्हणजे भवानी. ती होईपर्यंत आण्णा गल्ल्यावरून हलायचे नाहीत. चहासुद्धा नाही. शेजारी मयत झाली तरी, "भवानी हुंदे, आलोच."

ते गेले त्या वर्षी दिवाळी नुकतीच सरली होती. बाजार थंड. मी पुण्याहून सुट्टीला आलेले, डबा घेऊन दुकानात गेले.

आण्णा घामानं भिजलेले. डावा हात दाबत बसलेले.

"आण्णा, दवाखान्यात चला. रिक्षा आणते."

"गॅस झालाय गं. भवानी झाली की जाऊया की."

"तोंड बघा आरशात! चला म्हणते ना."

"दारात येणाऱ्या लक्ष्मीच्या तोंडावर शटर ओढू व्हय?"

मी पर्समधून नोट काढली, समोरची पळी उचलली. "ही घ्या भवानी. उठा आता."

आण्णा हसले. "घरच्याची भवानी धरत न्हाईत, बाळ."

शेजारचे कापडवाले काका पण मलाच म्हणाले, "ऱ्हाऊ दे गं पोरी. नेम हाय त्यांचा."

नेम! माणूस डोळ्यांसमोर पांढरा पडतोय आणि ह्यांना नेम दिसतोय!

शेवटी मलकापूरच्या एक मावशी आल्या. तांब्या घेतला, पैसे दिले. म्हटलं, सुटलो बाबा.

तर मावशी म्हणाल्या, "नाव घालून द्या की पावणं."

पहिलं गिऱ्हाईक. नाही कसं म्हणायचं? आण्णांनी नाव घालायचं मशीन हातात घेतलं. 'सौ.' एवढंच उमटलं. पुढची रेघ घसरत तांब्याच्या काठापर्यंत गेली आणि आण्णा गल्ल्यावर कोसळले.

डॉक्टर म्हणाले, जरा आधी आणायचं होतं.

आणि तिसऱ्या दिवशी भेटायला आलेली माणसं काय म्हणत होती? "भाग्यवान माणूस. भवानी करून गेला."

आईसमोर म्हणत होती. मला एकेकाच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. आजही वाटते.

हे आज लिहायचं कारण वेगळं आहे.

सकाळी पूजा आटोपून दुकानात गेले. आण्णांच्या फोटोखाली सुनील बसलेला. छाती चोळत.

"काय होतंय?"

"काय न्हाय ताई. ॲसिडिटी. रात्री मटण जास्त झालं."

"चल डॉक्टरकडं."

"जातो की. भवानी झाली की लगेच जातो."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

हूक घेतला आणि शटर ओढायला लागले. सगळा बोळ बघायला लागला.

"ताई, खुळी झालीस व्हय! अजून भवानी न्हाय!"

"गेली चुलीत तुझी भवानी. ऊठ!"

कापडवाले काका आता थकलेत, पण तोंड तसंच. "पोरी, आजच्या दिवशी तरी आण्णांचा नेम मोडू नगंस."

"काका, आजच्याच दिवशी मोडणार."

दवाखान्याच्या बाकावर बसून हे लिहितेय. ईसीजी बघून डॉक्टरांनी सुनीलला ठेवून घेतलंय. म्हणाले, वेळेवर आणलंत.

आण्णा, दुकान बंद आहे. भवानी झालेली नाही. लक्ष्मी रुसली तर रुसू दे, मी तिची समजूत काढीन.

तुमच्यावरचा राग अजून गेलेला नाही. तुमची आठवण पण जात नाही.

पोरगं एवढ्यात तुमच्याकडं पाठवणार न्हाय. तुम्ही तिथं निवांत चहा घ्या.

नमस्कार करते, आण्णा.